लाठी, फरी आणि मूठ

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात गांधीबागेत पाऊल ठेवायला जागा नसते. नागपूरच्या ठोक कापडबाजाराची ही पेठ. गाठोडी डोक्यावर घेतलेले हमाल, 'बाजू, बाजू' म्हणत घुसणाऱ्या रिक्षा, आणि दुकानातल्या पांढऱ्या गादीवर बसून साड्यांचा ढीग उपसणारी कुटुंबे. अशा एखाद्या कुटुंबातले चौदा वर्षांचे पोट्टे मध्येच म्हणते, ''मला यंदा कपडे नकोत. मला बॉक्सिंगचे हातमोजे पाहिजेत.'' आईच्या हातातला पदर तसाच राहतो. वडील म्हणतात, ''कराटे शीक की मग! निदान पट्टा तरी मिळेल.'' आणि सोबत आलेले आजोबा पुटपुटतात, ''आमच्या वेळी लाठी होती.''

या तिघांची तीन मते म्हणजे गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला बराचसा भाग गांधीबागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर घडलेला आहे. दिवाळी अंकाच्या निवांत वाचकाला तो सांगावा असे मनात आले. कारण प्रश्न आज विचारला जातो तो 'कोणती विद्या श्रेष्ठ' असा, आणि त्याचे उत्तर कधीच मिळत नाही. इतिहासाकडे गेलो तर प्रश्नच थोडा बदलतो.

गांधीबागेतून बडकस चौकाकडे आणि तिथून महालात शिरले, की आपण भोसल्यांच्या जुन्या राजधानीत येतो. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई झाली, भोसले हरले. पुढे १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले आणि १८५४ मध्ये संस्थान खालसा झाले. इतिहासाची पुस्तके इथे थांबतात. पण ज्याच्या हाताला तलवारीचे आणि पट्ट्याचे वळण होते, त्या माणसाचे दुसऱ्या दिवशी काय झाले असेल? फौज मोडली, तरी हाताचे वळण मोडत नाही. चाकरी गेलेला शिपाई तालमीत वस्ताद होऊन बसतो आणि पेठेतल्या पोरांना शिकवू लागतो. त्यातच १८७८ चा शस्त्रांचा कायदा आला. परवान्यावाचून तलवार बाळगणे गुन्हा ठरले. कायद्याला लाठीचे मात्र काही वाटले नाही. बांबू तर प्रत्येक शेतकऱ्याच्या हातात असणारच. म्हणून तलवारीची सगळी अक्कल हळूहळू काठीत उतरली.

'तालीम' हा शब्द अरबीतून आला, 'वस्ताद' हे फारसी 'उस्ताद'चे मराठी रूप. लाठीच्या वारांची नावे ऐका : शिर, तमाचा, बाहेरा, कमर. यातले कुठले कोणत्या भाषेचे हे तालमीत कोणी विचारीत नसे. वस्तादाच्या तोंडून ती एका दमात बाहेर पडत आणि पोराने त्याच क्रमाने काठी फिरवायची. हनुमंताच्या तसबिरीपुढे लाल माती असो की मोहरमच्या मिरवणुकीत बनेटी फिरवणारा आखाडा असो, वारांची भाषा बहुतेक एकच होती.

या सगळ्या खेळांत मला सर्वांत शहाणा वाटतो तो फरी-गदका. गदका म्हणजे चामड्याने मढवलेली, हात-दीड हाताहून थोडी लांब अशी छडी. फरी म्हणजे चामड्याची लहानशी गोल ढाल. दोन गडी समोरासमोर उभे राहतात, एकमेकांना खरोखर मारतात आणि खरोखर अडवतात. वार चुकवता आला नाही तर वळ उठतो, हाड मोडत नाही. एवढ्या एका चामड्याच्या वेष्टनात मोठा विचार आहे. त्याचा थोरला भाऊ म्हणजे बोथाटी. मराठ्यांच्या घोडदळाचा भाला प्रसिद्धच आहे. त्याचा सराव करायचा तर रोज एक माणूस गमवावा लागेल. म्हणून लांब बांबूच्या टोकाला पात्याऐवजी कापडाचा गोळा बांधायचा आणि तो रंगात बुडवायचा. दोन स्वार भिडले की ज्याच्या अंगरख्यावर ठिपका उमटला तो 'मेला'. वाद घालायला जागाच नाही. आज तलवारबाजीच्या स्पर्धांत अंगावर तारा लावून, दिवे पेटवून जे साधतात, ते आमच्या बारगिरांनी चिंधी आणि रंग यांवर साधले होते!

वेष्टन नसेल तर काय होते, तेही आपल्याच एका मराठी दरबाराने पाहिले आहे. बडोद्याला खंडेराव गायकवाडांच्या काळी लुई रूसले नावाचा एक फ्रेंच प्रवासी आला होता. साल १८६४ च्या आसपासचे. तिथे त्याने एक कुस्ती पाहिली : मल्लांच्या मुठीला शिंगाच्या नख्या बांधलेल्या, आणि ते एकमेकांना त्या मुठींनी रक्तबंबाळ करीत आहेत. दरबार पाहतो आहे, महाराज खूश होऊन शाबासकी देताहेत. वज्रमुष्टी या जुन्या विद्येचाच तो प्रकार. म्हैसूरला विजयादशमीच्या दिवशी राजवाड्यात जेट्टी मल्लांची वज्रमुष्टी आजही होते. पण रक्ताचा पहिला थेंब दिसला की लढत संपते, आणि तेवढा थेंब सणाचा मान म्हणून पुरतो. बडोद्याच्या त्या विद्येला मात्र पुढे शागीर्द उरले नाहीत. कोणती आई आपले पोर तिथे धाडील?

म्हणजे मारण्याच्या विद्येपुढे दोन संकटे असतात. मार फार असला तर ती शिकायला कोणी येत नाही. आणि मार अगदीच काढून टाकला तर शिकायला पुष्कळ येतात, पण विद्या राहते की नाही याची शंका येते. हे दुसरे संकट अधिक गोड, म्हणून अधिक फसवे.

ते कसे आले पाहा. १८९३ पासून गणेशोत्सव चौकात आला, मिरवणुका आल्या आणि आखाड्यांना नवा प्रेक्षक मिळाला. प्रेक्षकाला फरी-गदका कंटाळवाणा वाटतो. दोघे बराच वेळ एकमेकांभोवती फिरतात आणि एक वार होतो. त्यापेक्षा दांडपट्टा बघावा! भोवती लखलखाट, ढोलाचा ठेका, आणि निजलेल्या गड्याच्या गळ्यावरचे लिंबू पट्ट्याच्या एका फटक्यात दोन तुकडे. हे कौशल्य खोटे नाही. ज्याने कोणी आपल्या गळ्यावर लिंबू ठेवून घेतले असेल त्याला ते विचारावे. पण लिंबू बिचारे जिथल्या तिथे असते. ते मागे सरत नाही, हुलकावणी देत नाही. समोरचा गडी गेला आणि त्याच्या जागी लिंबू आले, हा माझ्या मते आमच्या आखाड्यांच्या इतिहासातला मोठा पालट आहे, आणि तो टाळ्यांच्या कडकडाटात झाल्यामुळे कोणाच्या लक्षात आला नाही.

त्याच सुमारास ही विद्या शाळेतही निघाली. बडोद्याला जुम्मादादांच्या गादीवर बसलेले राजरत्न माणिकराव (१८७८–१९५४) हे या बाबतीतले थोर नाव. आखाड्यातली विद्या ओळीत उभ्या केलेल्या शेकडो मुलांना एका हुकुमावर शिकवता येईल, अशी संघव्यायामाची पद्धत त्यांनी बसवली. मोडलेली हाडे बसवण्यातही त्यांचा हातखंडा होता. मारणे शिकवणाऱ्याने सांधणेही जाणावे, ही जुन्या तालमींची रीतच होती. इकडे वऱ्हाडात १९१४ मध्ये अमरावतीला वैद्य बंधूंनी हनुमान व्यायामशाळेचा पाया घातला. तिचेच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने लाठी, लेझीम, मल्लखांब असे देशी खेळ करून दाखवले. १९४९ मध्ये स्वीडनमधल्या लिंगियाड महोत्सवातही मंडळाचे पथक गेले. बडोद्यालाच दत्तात्रय चिंतामण मजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत सिद्ध केले. एवढा संसार उभा राहिला, आणि तोही बहुतांशी वर्गणीवर व हट्टावर. त्याचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण शंभर मुले एका रांगेत एकाच वेळी 'शिर' मारतात तेव्हा समोर कोणाचेच शिर नसते, हेही खरे.

गंमत अशी, की नेमके हेच त्या वेळी पूर्वेकडच्या एका बेटावर चालले होते. ओकिनावा बेटावरची हातापायांनी मारण्याची विद्या कित्येक पिढ्या गुपचूप, रात्री, गुरूच्या अंगणात शिकवली जाई. इतोसू आंको या वृद्ध शिक्षकाने १९०१ पासून ती शाळेत आणली. मुलांसाठी त्याने तिचे सोपे, ठरावीक हालचालींचे पाठ बांधले आणि प्राणघातक भाग बाजूला ठेवला. १९२२ मध्ये त्याचा शिष्य फुनाकोशी याने ती तोक्योत दाखवली. पट्ट्यांच्या पायऱ्या त्याने ज्यूदोकडून घेतल्या. तीच ही कराटे. म्हणजे गांधीबागेतले वडील जिला परदेशी आणि कडक विद्या समजतात, ती आपल्या संघव्यायामाची चुलत बहीणच. शाळेत पाठवताना तिचेही दात असेच थोडे घासून घेतले होते.

लाठीचे नागपुरात आणखी एक झाले, आणि ते सांगितल्यावाचून हा इतिहास पुरा होणार नाही. १९२५ मध्ये इथे राष्ट्रीय स्वयंसेवक संघ निघाला, १९२७ मध्ये बाबासाहेबांचा समता सैनिक दल निघाला आणि त्याची मुळे नागपुरात खोल गेली. १९३६ मध्ये वर्ध्याला राष्ट्र सेविका समिती निघाली आणि मुलींच्या हातीही काठी आली. प्रत्येकाची कारणे निराळी, प्रत्येकाच्या मनातला शत्रू निराळा. त्यांचा निवाडा करणे हा या लेखाचा विषय नाही. पण पोराच्या बाजूने पाहिले तर एवढे दिसते, की आधी काठी वस्तादाची होती, आता ती निशाणाची झाली. काठी शिकायची म्हणजे कोठे जायचे, हे ठरवताना पोर आणखीही बरेच काही ठरवून बसे. १९२७ च्या सप्टेंबरात नागपुरात दंगल झाली तेव्हा महालाच्या गल्ल्यांतून याच लाठ्या चालल्या आणि माणसे मेली. तिथे चामड्याचे वेष्टन नव्हते, वस्तादाची 'बस्स!' ही हाक नव्हती आणि समोरचा गडी शागीर्दही नव्हता.

आता मुठीकडे येऊ. उघड्या मुठींची मारामारी इंग्लंडात बडोद्याइतकीच रक्ताळ होती. १८६७ च्या क्वीन्सबरी नियमांनी तिला हातमोजे घातले, तीन मिनिटांची फेरी दिली आणि पडलेल्याला उठायला दहा आकडे दिले. ती बोटीतून हिंदुस्थानात आली. कलकत्त्याला परेशलाल रॉय यांनी ती बंगाली मुलांत रुजवली. मुंबईला १९२५ मध्ये मुंबई इलाख्याची हौशी मुष्टियुद्ध संघटना उभी राहिली. १९४९ मध्ये अखिल भारतीय संघटना झाली आणि १९५० मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानावर पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. पण बराच काळ हा खेळ पलटणींचा, रेल्वेचा, पोलिसांचा आणि गोदीकाठच्या वस्त्यांचा राहिला. मध्यमवर्गीय मराठी घरात 'बॉक्सर' म्हटले की नाक चपटे झालेला माणूसच डोळ्यांपुढे येई.

ही भीती निव्वळ अडाणी नव्हती. १९२८ मध्ये अमेरिकेतल्या हॅरिसन मार्टलंड या डॉक्टरांनी लिहून ठेवले, की वर्षानुवर्षे डोक्यावर ठोसे खाल्लेल्या धंदेवाईक मुष्टियोद्ध्यांचे चालणे, बोलणे, पुढे समजही बिघडते. त्यानंतरच्या संशोधनाने हे खोटे ठरवले नाही, उलट अधिक पक्के केले. म्हणून हौशी मुष्टियुद्धात फेऱ्या तीनच, पंचाने आठ आकडे मोजून गड्याचे डोळे पाहायचे, आणि डोक्याला जबर मार बसला तर सक्तीची विश्रांती. आईने शिकवणी लावताना फी विचारण्याआधी हे विचारावे : इथे पोरांना डोक्यावर पूर्ण ताकदीने मारू देता काय, आणि कितव्या महिन्यापासून? ज्या गुरूला या प्रश्नाचा राग येतो, त्याच्या पायऱ्या उतरून खाली यावे.

कराटेला ही अडचण कमी आणि दुसरी जास्त. १९७३ मध्ये ब्रूस ली वारला. त्याच वर्षीचा त्याचा चित्रपट पुढे हिंदुस्थानभर चालला आणि ज्या पोरांनी आखाड्याचे दारही पाहिले नव्हते ती घरच्या गच्चीवर लाथा उडवू लागली. (तो कराटे खेळत नव्हता, तो चिनी कुंग-फूचा माणूस; पण पोस्टरला एवढा तपशील परवडत नाही.) मग शहरोशहरी वर्ग निघाले. शाळेच्या पटांगणात, मंगल कार्यालयाच्या गच्चीवर पांढऱ्या पोशाखातली मुले रांगेत 'हा!' म्हणून हवेत ठोसे मारू लागली. चांगल्या वर्गात हे पुढे जोडीच्या लढतीपर्यंत जाते, अंगावर संरक्षण चढवून मुले एकमेकांना भिडतात. वाईट वर्गात पट्ट्याचा रंग बदलतो, परीक्षेची फी भरली जाते आणि मुलाला तीन वर्षांत एकही खरा ठोसा बसत नाही. असे मूल मोठ्या विश्वासाने काळा पट्टा बांधते. त्या विश्वासाची मला काळजी वाटते. कारण रस्त्यावरचा पहिला फटका बसला की तो विश्वास जातो, आणि तेव्हा धावायचे असते हे त्याला कोणी शिकवलेले नसते.

खेळ म्हणून पाहिले तर कराटे २०२१ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये एकदाच आली आणि २०२४ च्या पॅरिसमध्ये नव्हती. तायक्वांदोला सन २००० पासून पदके आहेत. मुष्टियुद्ध १९०४ पासून आहे आणि मध्यंतरी त्याच्या जागतिक संघटनेच्या भानगडींमुळे ते जाते की काय अशी धास्ती होती, पण २०२८ च्या लॉस एंजलिससाठी त्याचे स्थान २०२५ मध्ये पक्के झाले. आणि आपला गदका? तो पंजाबात नियमबद्ध झाला, गुण कसे द्यायचे ते ठरले, आणि २०२२ मध्ये हरियाणात भरलेल्या 'खेलो इंडिया'च्या युवा स्पर्धांत तो मल्लखांबाच्या शेजारी जाऊन बसला. पंजाबच्या मुलांच्या हातात आज जे आहे ते आमच्या फरी-गदक्याचे सख्खे भावंड आहे. आमचा मात्र कोल्हापूरकडच्या मर्दानी खेळांत आणि मिरवणुकांत राहिला. समोर गडी ठेवून तो लढवला असता तर त्याचेही नाव त्या यादीत आले असते, असे म्हणायचा मोह मला आवरत नाही.

या सगळ्या घोळात चौदा वर्षांच्या पोराने काय पाहावे? माझ्या मते एकच : जिथे शिकणार तिथे समोर माणूस आहे का, तो उलट मारतो का, आणि तिसरा कोणी 'बस्स' म्हणणारा आहे का. हे तिन्ही असतील तर लाठी घ्या, कराटे घ्या, मूठ घ्या. शेजारच्या गल्लीत भला गुरू मिळत असेल तर दूरच्या नामवंत विद्येसाठी दोन बसा बदलू नका. आणि मुलीला यातले काही नको, असे म्हणणाऱ्यांसाठी नागपूरचेच एक उदाहरण सांगतो.

अल्फिया पठाण ही २००३ सालची नागपूरची मुलगी. वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या सुमारास तिने मूठ निवडली. ज्या शहरात मुष्टियुद्धाचा ना मोठा इतिहास, ना मोठे नाव, तिथे एका मुलीने, तेही सर्वांत वरच्या वजनगटात, हा खेळ धरला. अशा वजनाच्या मुलीला सरावासाठी समोर गडी कोण मिळणार? बहुधा मुलगेच. २०१९ मध्ये ती आशियाई कनिष्ठ गटात सुवर्णपदक घेऊन आली. २०२१ च्या एप्रिलमध्ये पोलंडमधल्या किएल्त्से गावी युवा जागतिक स्पर्धा भरली. इकडे नागपुरात ते दिवस करोनाच्या दुसऱ्या लाटेचे. रुग्णालयांत खाट मिळत नव्हती, गांधीबागेची दुकाने बंद होती, रुग्णवाहिकांचे भोंगे तेवढे चालू होते. तिकडे ८१ किलोंवरील गटाच्या अंतिम सामन्यात अल्फियाने मोल्दोव्हाच्या दार्या कोझोरेझला हरवले. पाचही पंचांनी कौल तिच्या बाजूने दिला. भारताला त्या स्पर्धेत आठ सुवर्णपदके मिळाली, त्यांतली सात मुलींची. पुढच्याच वर्षी कझाकस्तानात एलोर्दा चषकाच्या अंतिम फेरीत तिच्यासमोर यजमानांची लज्झत कुंगेइबायेवा उभी होती. ही २०१६ ची जगज्जेती, वयाने आणि अनुभवाने थोरली, आणि सगळे प्रेक्षागृह तिच्या बाजूचे. अल्फिया तिथेही जिंकली.